माझ्याजवळ लोखंड आणू नका

मी बोलतोय, होकायंत्र. घड्याळ नव्हे. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण या संग्रहालयात येणारा दर दुसरा माणूस माझ्या काचेवर बोट आपटतो आणि शेजारच्याला म्हणतो, "बंद पडलंय वाटतं." अहो, तबकडीवर दिशा लिहिल्यात, वाचा की जरा! पण सांगणार कोणाला? जन्मभर मी एकच गोष्ट सांगत आलो, उत्तर कुठे आहे ती, आणि जन्मभर लोकांनी भलताच अर्थ काढला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांना केसातली आकडीसुद्धा दाराबाहेर काढून ठेवावी लागे. माझ्या पोटात चुंबक आहे, आणि चुंबकाला लोखंड दिसलं की त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. हा माझा दुर्गुण नाही, स्वभाव आहे. लपवलेलाही नाही.

तिथून मी एका बाँबफेकी विमानात आलो. वैमानिकाच्या समोर मला बसवलं. मग फिटरनं आख्खं विमान धावपट्टीच्या कडेला गोल गोल फिरवून माझी प्रत्येक दिशा तपासली आणि सगळ्यांना दम भरला, "आता याच्याजवळ पाना नाही, चाकू नाही, काही म्हणजे काही आणायचं नाही. कळलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातंय!

माणसं तशी चांगली होती. कप्तान माझ्यासमोर बसायचा. त्याच्या मागे पडद्याआड नकाशे घेऊन वाट आखणारा बसायचा. तो आधी शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. आणि पार मागे, विमानाच्या शेपटात, बंदूक घेऊन एक हसरा पोरगा. त्याचं नाव अर्थातच शेपूट. आणखीही दोघं होते, पण ते इंजिनांच्या आवाजात आपल्या कामात बुडालेले असायचे. बाँब कोणाच्या डोक्यावर पडत हे मला कधी दिसलं नाही. जाताना विमान जड असायचं आणि येताना हलकं, एवढंच मला माहीत.

शेपटाकडे एक कुलूप होतं. चांगलं मुठीएवढं, लोखंडी. लढाईवर निघताना त्याच्या आईनं घराच्या दाराचं कुलूप काढून त्याच्या हातात दिलं होतं. म्हणाली होती, "हे तू घेऊन जा. तू परत येईपर्यंत आपलं दार लागणार नाही." तो ते शेपटात पायाशी ठेवायचा. तिथे मला त्याचा काही त्रास नव्हता. प्रत्येक वेळी विमान परत आलं, तशी सगळ्यांची त्या कुलपावर श्रद्धा बसली. चढताना एकेक जण त्याला हात लावायचा. मास्तरसुद्धा. माझ्या अचूकपणाचं कौतुक कोणी करेल तर शपथ.

शेवटच्या सकाळी कप्तान आपला पट्टा पुन्हा पुन्हा सोडून बांधत होता. आदल्या दिवशी त्याच्या मित्राचं विमान परतलं नव्हतं. शेपटानं ते पाहिलं आणि कुलूप घेऊन पुढे आला. "कप्तान, आज हे तुमच्याजवळ असू द्या. तुम्ही पोचलात की मी मागोमाग येतोच, शेपूटच ना मी."

कप्तान हसला. आणि त्या पोरानं ते कुलूप तारेनं करकचून बांधलं. कुठे? माझ्या खाली! माझी सुई सरकली, पण दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. मास्तर पडद्यामागे नकाशात डोकं घालून बसला होता, त्याला पत्ताच नाही.

जाताना निभावलं, कारण इतर विमानं बरोबर होती. येताना ढग दाटले, पांगापांग झाली आणि आम्ही एकटे पडलो.

मास्तरचा आवाज कप्तानाच्या कानावरच्या फोनमधून आला. "कप्तान, समुद्र एव्हाना लागायला हवा होता. होकायंत्र काय दाखवतंय?"

कप्तानानं माझ्याकडे पाहून सांगितलं.

"मी सांगितली तीच दिशा आहे. नक्की ना?"

"नक्की. स्थिर आहे एकदम."

"मग बरोबर आहे. तसंच चला."

स्थिर! अरे, बांधून घातलंय मला, हलणार कुठे? त्या विमानात माझ्यावर पुरता विश्वास टाकणारा एकच माणूस होता, मास्तर, आणि मी त्याला ओरडून सांगू शकत नव्हतो. त्याच्यापुढे मी खोटा ठरलो, याचं दुःख अजून जात नाही. ढगात डोंगर होता. एकही वाचला नाही.

बर्फ वितळल्यावर मेंढपाळांना आम्ही सापडलो. त्यांनी तार सोडली, मग कुलूप शेपटाच्या आईकडे गेलं आणि मी इथे आलो. चौकशी करणारे साहेब डोंगर चढलेच नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी ठरवलं की वाट मास्तर सांगत होता, म्हणजे मास्तर चुकला. झालं! आजही माझ्या खालच्या पाटीवर तेच आहे: दिशा सांगणाऱ्याच्या चुकीमुळे विमान डोंगरावर आदळले. मास्तरची लेक तेव्हा पाळण्यात होती. ती शाळेत गेली, नोकरीला लागली, केस पिकले तिचे, पण गावाच्या तोंडी ती "वाट चुकवणाऱ्याची पोरगी"च राहिली. शेपटाची आई तर भर सभेत म्हणायची, "येत नव्हतं तर बसावं घरी. माझं पोर कशाला नेलं?"

त्या आईनंच कुलूप या संग्रहालयाला दिलं. आणि रखवालदारानं ते कुठे ठेवावं? माझ्या शेजारी! कपाळावर हात मारून घ्यावा, तर मला हातही नाहीत.

परवा श्रद्धांजलीच्या दिवशी मास्तरची लेक लवकर आली. रखवालदार कपाट उघडून पुसत होता. त्यानं कुलूप उचललं आणि माझी सुई सर्रकन उत्तरेला गेली. बाई जागच्या जागी थांबली.

"परत ठेवा बघू," ती म्हणाली. सुई फिरली. "उचला." पुन्हा फिरली.

"जुनं यंत्र आहे, डुलतं मधूनमधून," रखवालदार म्हणाला.

"ही दोन्ही शेजारी का ठेवलीत?"

"डोंगरावर मेंढपाळांना तशीच सापडली ना, तारेनं एकत्र बांधलेली. म्हटलं, जोडी कशाला मोडा."

बाईनं कपाटाची कड घट्ट धरली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो! आता मास्तर सुटला, मी सुटलो. तेवढ्यात शेपटाची आई काठी टेकत आली. वाकून गेलेली, डोळ्यांनी अधू.

"कुलूप पुसलंस का रे नीट?" तिनं रखवालदाराला विचारलं. "तेवढे दिवस त्यानंच राखलं माझ्या पोराला."

बोल बाई, बोल! मी आतून तडफडत होतो. लेकीनं तोंड उघडलं.

"आजी, दार अजून उघडंच असतं?"

"उघडंच. लावू कशानं?"

लेकीनं बाजूला सरकून म्हातारीला कपाटापाशी जागा करून दिली. इतका संताप आला मला! बापाचं नाव धुऊन निघत होतं आणि ही गप्प! मग तिनं म्हातारीच्या हाताकडे पाहिलं. तो हात कुलपावरून असा फिरत होता, जसा पोराच्या पाठीवरून फिरतो. मग माझा संताप टिकेना.

थोड्या वेळानं ती रखवालदाराला हळूच म्हणाली, "पाटीवरची ती ओळ काढा."

"मग काय लिहू?"

"वाट चुकली, एवढंच लिहा. कोणाची ते नको. आणि कुलूप खिडकीपाशी ठेवा, आजींना वाकावं लागतं."

रखवालदार कुरकुरला, पण त्यानं कुलूप हलवलं. किती वर्षांनी मी खरं बोललो! आता तुमच्याकडे एकच मागणं. याल तेव्हा किल्ल्यांचे जुडगे घेऊन काचेला चिकटू नका. आणि मास्तर चुकला नव्हता, हे तुम्ही तरी लक्षात ठेवा. त्याची लेक कोणाला सांगणार नाही.

निघताना म्हातारीनं अंधारात चाचपडावं तसा हात पुढे केला, तो नेमका लेकीच्याच दंडावर पडला.

"कोण गं तू? मास्तरची ना?" ती म्हणाली. "दारापर्यंत ने मला. तुला तरी वाट माहीत आहे ना?"

"आहे, आजी," लेक म्हणाली, आणि तिचा हात धरून चालू लागली.