फडक्याची गाठ

सुशांत ठाकुर्लीला बाईकवरून पडला, तेव्हा हेल्मेट आरशाला लटकत होतं. पोलीस दिसला तर डोक्यावर, नाहीतर आरशावर, ही माझ्या नवऱ्याची अक्कल. कानातून रक्त आलं. हॉस्पिटलवाल्यांनी तीन दिवस ठेवून घेतलं आणि सोडताना मला बजावलं, चेहऱ्यात जरा फरक वाटला तर त्याच दिवशी घेऊन या.

पाचव्या दिवशी त्याच्या ओठाच्या कडेने चहा गळायला लागला. उजवा गाल उतरला होता आणि उजवा डोळा काही केल्या मिटेना.

"वारं गेलं गं तोंडावरनं. खिडकी उघडी ठेवलेलीस ना?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या गावाकडच्या दौलतचं असंच झालेलं. कल्याणला पारव्याचं रक्त लावतात, तिथे ने."

मला हॉस्पिटल आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण मार डोक्याला लागला होता, तोंडाला नाही. शिवाय मी दमले होते. म्हटलं, थोडे दिवस हे करून बघू.

कल्याणच्या बाईने पारव्याचं गरम रक्त गालावर चोळलं, वर पाला ठेवला. एकवीस दिवस वारा लागू द्यायचा नाही म्हणाली. रोज सकाळी डोळ्यासकट अर्धा चेहरा झाकून फडक्याची गाठ मीच मारायचे, चांगली घट्ट.

"समीक्षा, डोळ्यात खुपतंय यार."

"खुपणारच. जरा सोस की! बायका बाळंत होतात."

मग तो बोलायचाच बंद झाला. मला वाटलं, आला ताळ्यावर.

बाराव्या दिवशी फडकं डोळ्याला चिकटलं. पाण्याने भिजवून सोडवलं, तर बुबुळावर दुधावरच्या सायीसारखं पांढरं आलेलं.

सुशांत वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. केसाएवढा फरक नजरेने पकडायचा, म्हणून तर त्याला मान होता.

ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी डोळ्यात बॅटरी मारली. "डोक्याला मार बसला तर चेहऱ्याची नस अशी चार-पाच दिवसांनीही जाते. त्याच दिवशी आला असतात तर औषध होतं. आणि न मिटणाऱ्या डोळ्यावर फडकं? घासून घासून जखम झाली. ही नजर आता परत येणं कठीण आहे. कोणी बांधलं हे?"

मी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत तो वाकड्या ओठांनी म्हणाला, "मीच. ही नको म्हणत होती."

एरवी एकाला दोन सुनावणारी मी. मी गप्प बसले.