थरथर गेली कुठे?

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बरं. एक जुना लाकडी पलंग आहे, त्यावर जाडजूड गादी, आणि त्या गादीवर तुमचा धाकटा भाऊ धपाधप उड्या मारतोय. पलंग थोडासाच कुरकुरतो, कारण निम्म्याहून जास्त उड्या गादीच गिळून टाकते. आता ती गादी काढून घ्या आणि भावाला दोरीने पलंगाच्या फळीलाच करकचून बांधा. लांबून बघणाऱ्याला वाटेल, चला, पोरगं शांत झालं एकदाचं. पण ते बांधल्या जागी हातपाय झाडतंय, आणि आता त्याच्याबरोबर सगळा पलंग हादरतोय. फळ्या, पाय, एकूण एक खिळा.

एवढं मनात ठेवा आणि चला माझ्याबरोबर एका गॅरेजात.

गॅरेज पत्र्याचं, पुढे एकच मोठं शटर. आत एक छोटा लोडर उभा असायचा. छोटा म्हणजे अरुंद बोळातही शिरेल एवढा, पण राडारोडा उचलायला पैलवान. चालवणाऱ्याच्या पाठीमागे दोन पोलादी खांब, त्या खांबांतून दोन लोखंडी दांडे निघून त्याच्या दोन्ही अंगांनी पुढे जायचे आणि पुढे भलीमोठी बकेट उचलून धरायचे. बकेट भरून वर गेली की तिचं सगळं ओझं त्या दोन खांबांवर.

हा लोडर भिंगरीची आई चालवायची. भिंगरी म्हणजे तिची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव. आणि गॅरेज होतं भिंगरीच्या मामाचं.

लोडरचं इंजिन बसायच्या जागेच्या मागे, चार रबरी उशांवर ठेवलेलं होतं. गॅरेजवाले त्या उशांना फाउंडेशन म्हणतात. आपल्या गोष्टीतली गादी ती हीच. तेल पिऊन पिऊन ती रबरं कुजली, फाटली. दुकानदार रोज म्हणायचा, नवी रबरं उद्या येतील. काम तर थांबून राहीना. शेवटी मामाने लेथवर लोखंडाचे चार ठोकळे कातले आणि रबराच्या जागी बसवून बोल्ट आवळून टाकले.

इंजिन सुरू केलं. आधी ते पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं डुलायचं. आता ते जागचं हलेना.

“बघ ताई,” मामा हात पुसत म्हणाला, “कसं शहाण्या पोरासारखं बसलंय.”

“असं एखादं आमच्या घरीही दे बसवून,” आई भिंगरीकडे बघत म्हणाली.

भिंगरी मात्र इंजिनाकडे बघत होती. “मामा, मग थरथर गेली कुठे?”

“कुठे म्हणजे? गेली मामाच्या घरी पाहुणी.”

सगळे हसले. भिंगरीही हसली. पण प्रश्न तिच्या डोक्यातून काही जाईना.

त्या संध्याकाळी आई जेवायला बसली तेव्हा तिच्या हातातला चमचा ताटावर टकटक वाजत होता. आईने तो खाली ठेवला आणि हाताच्या मुठी वळून बघितल्या.

“मुंग्या आल्यात,” ती म्हणाली. “ठोकळे नवीन बसवलेत ना. बसतील हळूहळू.”

मग लोडरचा बाजूचा आरसा बिघडला. म्हणजे फुटला नाही, पण इंजिन चालू झालं की त्यात काही नीट दिसेना. आपलाच चेहरा कोणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखा दिसायचा.

आणि मग नट सापडायला लागले. झाडून काढणं हे भिंगरीचं काम. एके सकाळी लोडरखाली केरात एक नट आला.

“मामा, हा कुठला?”

“असेल जास्तीचा. टाक डब्यात.”

पुढे आणखी एक आला. “आपलं मशीन अंडी घालतंय वाटतं,” मामा म्हणाला. त्यानंतर जो आला तो चांगला अंगठ्याएवढा होता. भिंगरीने तो तळहातावर धरून दाखवला. या वेळी मामाने विनोद केला नाही. डब्यातही टाकला नाही. नट उचलून खिशात घातला आणि दुसऱ्याच कामाला लागला.

थरथर पाहुणी गेली नव्हती. ती मशीनमध्येच कुठेतरी शिरून बसली होती आणि आतून एकेक गोष्ट सोडवत होती.

तिला शोधायचं तरी कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीन बंद असताना, भिंगरीने खडूची पूड केली आणि चिंधीत बांधून लोडरवर सगळीकडे थापली. जिथली पूड उडेल तिथे थरथर, असा तिचा हिशेब.

“काय गं, नवरीला पावडर लावतेस?” मामाने विचारलं, आणि तेल तपासायला म्हणून इंजिन थोडा वेळ चालवलं.

इंजिन बंद झाल्यावर भिंगरीने पाहिलं तर हिशेब चुकलेला. पूड सगळीकडूनच उडाली होती. फक्त डाव्या खांबाच्या बुडाशी, तेलाने चिकट झालेल्या कोपऱ्यात, ती टिकून होती. त्या पांढऱ्या पुडीत केसासारखी एक काळी रेघ दिसत होती.

केसच असेल म्हणून तिने फुंकर मारली. रेघ तिथेच. बोटाने पूड पुसून पुन्हा नवी थापली. थोड्या वेळाने रेघ पुन्हा उमटली, जणू लोखंड आतून लिहीत होतं.

लोखंडाला बारीक चीर गेली की तेल तिच्यात दडून बसतं, मुलांनो. वरून काही दिसत नाही. कोरड्या खडूने मात्र ते बाहेर शोषून घेतलं होतं. भिंगरीला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, पण रेघेला टोक आहे एवढं तिला दिसलं. तिने खिळ्याने त्या टोकापाशी रंगावर एक खूण ओरखडली आणि ती मामाकडे गेली.

“मामा, खांबाला रेघ पडलीय.”

“तेलाचा ओघळ असेल.” मामा जागचा उठला नाही.

“बघ ना येऊन.”

“अगं, बघायचं काय त्यात? ताईला त्या नव्या इमारतीच्या तळघरात दगड काढायला जायचंय, मुकादम वाट बघतोय. उगाच तिला घाबरवू नकोस.”

एरवी थेंबभर तेल सांडलं तरी वाकून बघणारा मामा. आज तो तिकडे तोंडही करत नव्हता. भिंगरीला तेव्हा खरी भीती वाटली. मामाला ठाऊक नाही असं नव्हतं. त्याला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

एवढ्यात मागून घरघर सुरू झाली. आई मागच्या छोट्या दाराने येऊन कधीच लोडरवर चढली होती.

“आई,” भिंगरीने हाक मारली. मग जोराने मारली. इंजिनापुढे तिची हाक कुठल्या कुठे गेली. तिने आरशात दिसावं म्हणून दोन्ही हात हलवले, पण आरशात नुसतं पुसट काहीतरी थरथरत होतं. आणि चालत्या मशीनच्या आडवं जायचं नाही, काही झालं तरी जायचं नाही, हे आईनेच तिच्याकडून हजारदा घोकून घेतलेलं होतं.

लोडर शटरकडे वळला. बाहेर उतार, उताराखाली तळघर, आणि तिथे दगडांनी भरलेली बकेट आईच्या अंगावरून वर जाणार होती.

भिंगरी भिंतीच्या कडेने धावली आणि शटरच्या साखळीला लटकली. साखळी आधी हलेना. मग एकदम सुटली, आणि शटर खडखडत खाली आलं.

अंधार झाला. अंधारात इंजिन थोडा वेळ गुरगुरलं, मग आईने ते बंद केलं.

“भिंगरे, डोकं फिरलंय का तुझं?” आईचा आवाज आला.

“ताई, तिला काही समजत नाही,” मामा म्हणाला.

भिंगरीने भिंतीवरची बॅटरी काढली, आईला खांबापाशी आणलं आणि उजेड धरला. खिळ्याची खूण जिथल्या तिथे होती. रेघ मात्र तिथे थांबली नव्हती. मघाच्या टोकाच्या पुढे, ताजी आणि ओली, ती वर निघाली होती.

मग भिंगरीने आईचं मुंग्या आलेलं बोट हातात घेतलं, त्या खुणेवर टेकवलं, आणि रेघेवरून हळूहळू वर नेत गेली.