डोळा लावला की तोंड उघडायचं

रविवारी दुपारी सलोनी माझ्या ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, मी कॉलेज सोडतेय." वसईच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जाऊन पोरीला जेमतेम महिना झाला होता. माझं डोकंच फिरलं. आगाशीच्या आमच्या शाळेत मी तिला बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकवलं, ते काय हे ऐकायला?

"आधी झालं काय ते सांग," मी म्हटलं.

आमच्या शाळेत मायक्रोस्कोप दोन, त्यातला एक कायमचा आजारी. सगळ्यांची पाळी यायच्या आत घंटा व्हायची. म्हणून मी नियमच केला होता, डोळा लावला की तोंड उघडायचं. दिसेल ते मोठ्याने सांगायचं, म्हणजे पुढच्याला काय शोधायचं ते कळतं आणि वेळ वाचतो.

कॉलेजात मायक्रोस्कोप प्रत्येकाला वेगळा. पण पहिल्याच प्रॅक्टिकलला पानाच्या सालीवरची रंध्रं बघताना सलोनीबाई सवयीने खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "दोन ओठ मिटल्यासारखे दिसतायत, मधे बारीक फट आहे, डावीकडचा जरा जाड..." सगळी लॅब हसली. बोळिंजची, इंग्लिश मीडियमची अनुष्का तर टेबलावर डोकं ठेवून हसली. तेव्हापासून ही बया तिथे तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. कळलं नाही तरी विचारत नव्हती.

"बाबा म्हणाले, नको तर नको. वाडीत काम आहेच," सलोनी म्हणाली. तिचे वडील, हरिभाऊ, माणूस सोन्यासारखा, पण लेकीच्या शिक्षणाचं त्याला कधी फारसं अगत्य नव्हतं. एवढी हुशार पोर आणि केळीचे घड मोजत बसणार, या विचाराने माझा जीव तळमळला.

"उद्याचं प्रॅक्टिकल कर, आणि तिथे बोल," मी दरडावलं. "मग खुशाल सोड. मी चकार शब्द काढणार नाही."

सोमवारी संध्याकाळी भाजी नको असताना मी एसटीच्या थांब्याजवळ कोथिंबिरीच्या जुड्या चिवडत उभी होते. हरिभाऊही सायकल घेऊन लेकीला न्यायला आला होता. बसमधून सलोनी उतरली, आणि तिच्यामागून जीन्समधली एक मुलगी.

"टीचर, मी अनुष्का," ती म्हणाली. "मला ना, महिनाभर त्या मायक्रोस्कोपमध्ये फक्त माझ्याच पापण्या दिसत होत्या. आकृत्या मी पुस्तकातून मारायचे. आज सरांनी तीच पानाची साल परत दिली आणि पुस्तकं बंद करायला लावली. मग मी हिला म्हटलं, बोल ना प्लीज, त्या दिवशीसारखं."

"मग?"

"ही बोलत गेली आणि आमचं अख्खं टेबल फोकस लावत गेलं. टीचर, मला ती फट दिसली. खरंच दिसली. तुम्हाला सांगायचंच होतं, म्हणून आले."

मला एकदम भरून आलं. रस्त्यात रडायचं कसं, म्हणून मी भाजीवालीवरच खेकसले की कोथिंबीर शिळी आहे.

हरिभाऊला यातलं काही कळलं नव्हतं. "मग काय ठरलं?" त्याने लेकीला विचारलं. "उद्यापासून वाडीत ना?"

"नाही बाबा, उद्या केमिस्ट्री आहे. त्यातलं मला काहीच कळत नाहीये. सरांना विचारणार आहे. सगळ्यांसमोर."

हरिभाऊने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिची बॅग हँडलला अडकवली.

"मग लवकर उठवतो," तो म्हणाला.