बांगडीमागची शिट्टी

“थांब शामसुंदर. ही शिट्टी कुठून आली? कॅसेटवर नव्हती.”

वैशाली नगरातल्या शामसुंदरच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात देवराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. पोलादाच्या प्लांटमधल्या मिलमध्ये तीस वर्षं फिटर. पेचकसाचं टोक यंत्रावर टेकवून आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचं दुखणं ओळखायचे. त्या गोंगाटाने कान गेले, हळू बोललेलं कळेना, पण खोटा आवाज अजूनही लगेच टोचायचा.

कॅसेट त्यांच्या बायकोची, वच्छलाची होती. टेपरेकॉर्डर घरी आला त्या दिवशी तो तपासायला तिला बोलायला लावलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. कॅसेटवर बांगड्या खणखणीत वाजत आणि ती पुटपुटल्यासारखी. ती काय म्हणाली, तेवढंच देवरावांना ऐकायचं होतं.

“मीच सांगू का, काकाजी?”

“नको. तिच्याच तोंडून आयकीन.”

शामसुंदर ओशाळला. “घाई माझीच झाली. काकूंचा आवाज वर यावा म्हणून बांगडी वाजली का आवाज झटक्यानं दाबला. झटक्यानं दाबलं का लय बारीक सूर तयार होतात. कंप्यूटर सेकंदाले आवाजाचे मोजकेच नमुने घेते, त्यात ते मावत नाही. मंग तेच खालच्या पट्टीत खोटे होऊन वाजतात.”

“इलाज?”

“दुप्पट नमुन्यांवर दाबाचं, बारीक सूर गाळाचे. पन हा जुना डब्बा तेवढं पेलत नाही. हळूहळू दाबलं तर शिट्टी जाईल, पन काकूंचा आवाज लहानच राहीन.”

“राहू दे लहान. तिच्यात परकं काही नको.”

शामसुंदरने तसं केलं. शिट्टी गेली. बांगड्या वाजल्या, मागे वच्छला पुटपुटली.

जन्मभर देवराव घरात खुर्चीवरून ओरडत आले होते, “जोरात बोल.” मग तीच बिचारी कणकेचे हात घेऊन जवळ यायची. आपण कधी उठलो नाही, हे त्यांना आत्ता आठवलं आणि फार लागलं.

“पुन्हा लाव,” म्हणत ते उठले. शामसुंदरने पंखा बंद केला. गुडघे धरत देवराव स्पीकरपाशी खाली बसले आणि बेअरिंगला लावावा तसा कान त्यांनी जाळीला लावला.

“अवो, कावून एवढे ओरडता? जवळ येऊन आयका ना.”

“आलो,” देवराव म्हणाले. इतक्या हळू, की शामसुंदरला ते ऐकू आलं नाही.