वेटिंगवरच्या मॅडम

"उत्तरेला जाऊ की समुद्राकाठी, एवढंच सांगा, मॅडम. तुम्ही म्हणाल तिकडे जाते."

असं म्हणत मुलगी स्टुलावर बसली आणि बसता बसता तिच्या कोपराने टेबलावरचा बीकर कलंडला. मॅडमनी तो सवयीने पडायच्या आत धरला. या मुलीने शिकत असताना इतकी काच फोडली होती की प्रयोगशाळेच्या शिपायाने तिचं नाव धांदल ठेवलं होतं. पुढे ती वर्गात पहिली आली तरी नाव काही सुटलं नाही. आता रसायनशास्त्रातल्या पीएचडीसाठी धांदलला दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. दोन्ही लांबची, दोन्ही नावाजलेली. आठवडाभरात एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं होतं.

मॅडम बीकर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. उत्तरेच्या विद्यापीठात स्फटिकांवर काम करणारे एक वयस्कर प्राध्यापक होते आणि त्यांच्याकडे यंदा एकच जागा होती. ती धांदलला मिळाली होती. धांदलने ती नाकारली तर वेटिंगवर पहिलं नाव खुद्द मॅडमचं होतं. हे धांदलला ठाऊक नव्हतं. कॉलेजात कुणालाच नव्हतं.

"उद्या ये," मॅडम म्हणाल्या. "विचार करून सांगते."

मॅडम कॉलेजात प्रात्यक्षिकं घ्यायच्या, तेही लग्नाच्या आधीपासून. पीएचडी करायची राहूनच गेली होती. आधी वडिलांचं दुखणं, मग धाकट्या भावाचं शिक्षण, आणि मग नुसतीच सवय. तशी हळहळही फारशी उरली नव्हती. पण धांदलने शिफारसपत्र मागितलं आणि घोळ झाला. पत्र नीट जमावं म्हणून मॅडम त्या त्या विद्यापीठाची माहिती वाचत बसल्या आणि दुसऱ्याचं लग्न जमवता जमवता आपलाच जीव गुंतावा तसं झालं. शेवटी त्यांनीही गुपचूप अर्ज केले. धांदलचं शिफारसपत्र त्यांनी एका बैठकीत दोन पानं लिहिलं होतं. स्वतःबद्दल लिहायला बसल्या तेव्हा चार ओळींवर गाडी अडली. त्यांची शिफारस करू शकतील असे एक सर वारले होते. दुसऱ्यांना फोनवर पुन्हा पुन्हा ओळख द्यावी लागली, आणि शेवटी ओळख पटली ती भलत्याच कुणा विद्यार्थिनीची म्हणून. तीच धरून मॅडमनी पत्र मिळवलं.

नकार एकामागून एक आले, सगळे अगदी आदबशीर. उत्तरेच्या प्राध्यापकांनी मात्र फोनवर मुलाखत घेतली, तीही मजेत. गुडघे साथ देतील तोवर मुलं घेईन म्हणतो, असंही ते हसत हसत म्हणाले. आणि मग त्यांच्या विभागाकडून आलं ते हे वेटिंग, ना होकार ना नकार.

मॅडमचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. त्याला हे वेटिंगचं प्रकरण काही केल्या उमगत नव्हतं. झालं की नाही झालं, असं त्याने विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, दोन्ही नाही. मग आनंद करायचा की नाही, असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, थांबायचं. तू हो पुढे, मी मागून येतो, असं तो आधीच सांगून मोकळा झाला होता. फक्त तिकडच्या थंडीत फ्रिज कोण विकत घेणार, एवढीच त्याला काळजी होती.

त्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी धांदलचा विषय काढला. नवरा उलटा करून ठेवलेल्या एका फ्रिजच्या मागे हात घालून बसला होता. मॅडम म्हणाल्या, त्या मुलीने समुद्राकाठीच जायला हवं. उत्तरेचे प्राध्यापक थकलेत, त्यांच्याकडे माणसं मोजकी. आणि ही पोरगी बोलायला कुणी नसलं की कोमेजते. तिला चारचौघांत काम करायला हवं.

"मग सांग की तसं."

"मला हे खरंच वाटतंय, का माझ्या सोयीचं आहे म्हणून वाटतंय, तेच कळत नाहीये."

नवऱ्याने हात पुसले. "वेटिंग नसतं तर काय सांगितलं असतंस?"

"हेच. बहुतेक."

"बहुतेक?"

"आता वेटिंग आहे ना. नसतं तर काय वाटलं असतं, ते आता कसं कळणार?"

नवऱ्याने डोकं खाजवलं. त्याच्या धंद्यात गॅस गळतो तरी किंवा गळत नाही तरी. मधलं काही नसायचं. थोड्या वेळाने तो म्हणाला, मग सरळ उत्तरेला जा म्हणून सांग, म्हणजे तुझ्या मनाला टोचणी नको. मॅडमच्याही डोक्यात तेच येऊन गेलं होतं. पण आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून पोरीला चुकीच्या जागी धाडायचं, हे तर त्याहून वाईट. विचार करकरून त्यांचं डोकं नुसतं भणभणलं.

दुसऱ्या दिवशी धांदल आली तेव्हा मॅडमनी आधी वेटिंगचं सांगून टाकलं. मग समुद्राकाठी जा म्हणाल्या, का जा तेही सांगितलं. ऐकताना धांदलचं कोपर एकदाही कशाला लागलं नाही. अशी शांत बसलेली ती मॅडमनी कधी पाहिली नव्हती.

"मग मी कुणाचं ऐकू?" ती म्हणाली. "मॅडमचं, की वेटिंगवरच्या बाईंचं?"

"ते मला नाही सांगता येणार. दोघी एकच बोलतायत, एवढं खरं."

धांदल उठली, स्टूल नीट आत सरकवलं आणि गेली. पुढचे काही दिवस तिचा फोन नाही की निरोप नाही. ती रागावली असेल असं मॅडमना वाटायचं, आणि रागावली असली तर बरंच झालं, असंही वाटायचं. मग निरोप आला तो एका ओळीचा. समुद्राकाठचं नक्की केलं. सल्ला पटला म्हणून, की मॅडमची दया आली म्हणून, हे त्यात नव्हतं आणि ते विचारायचा मॅडमना धीर झाला नाही. त्यांना आनंद झाला, आणि झाला म्हणून ओशाळल्यासारखंही झालं. नवरा मात्र उत्साहाने एक मोठी बॅग घेऊन आला. तिची चेन उघडमीट करून त्याने ती शेजारपाजाऱ्यांनाही दाखवली.

उत्तरेचं उत्तर आलं तेव्हा मॅडम प्रयोगशाळेतच होत्या. प्राध्यापकांनी स्वतः लिहिलं होतं. डॉक्टरांनी आता पुरे म्हणून सांगितलं आहे. प्रयोगशाळा बंद करतो आहे, यंदा कुणालाच घेणार नाही. ती हुशार मुलगी आली असती तर तिलाही दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली ढकलावं लागलं असतं. तुमची क्षमा मागतो.

पहिल्यांदा मॅडमना हलकं वाटलं. म्हणजे आपण बोललो ते खरंच होतं. त्या हलकेपणात त्या खिडकीपर्यंत गेल्यासुद्धा, आणि मग ध्यानात आलं की आता आपलं जाणं नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या की कुठली कशासाठी, ते वेगळं करता येईना. डोळे भरले तेही नेमके कशाने, कळलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्याने कधी नव्हे ते एकही प्रश्न न विचारता ती मोठी बॅग माळ्यावर टाकली.

धांदलला हे सांगावं असं मॅडमना रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. जायच्या दिवशी त्या बसस्टँडवर गेल्या. धांदलची आई शिवणकाम करायची. ती बॅगांपाशी उभी राहून एकेक बंद ओढून बघत होती. धांदलचं तिकीट हरवलं, सापडलं, पाण्याची बाटली सांडली. शेवटी ती एकदाची खिडकीशी बसली आणि बस हलता हलता डोकं बाहेर काढून तिने विचारलं, "मॅडम, उत्तरेचं कळलं का?"

मॅडमनी हाताने नीट बस अशी खूण केली. बस वळणावरून गेली.

मग आईने पिशवीतून एक स्वेटर काढला, जाड, गळ्याशी दुहेरी विणलेला.

"हा राहिलाच बघा. बॅगेत मावेना," ती म्हणाली. "ती म्हणत होती, मी इकडे चालले म्हणजे आता मॅडमचंही नक्की. तुम्ही जाणारच आहात, तर तुम्हीच घेऊन जा. पोस्टाचा काही भरवसा नाही."

तिच्या लेखी उत्तर काय नि समुद्रकाठ काय, दोन्ही लांबच. मॅडमनी स्वेटर घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण समोरची बाई बस गेली त्या वळणाकडेच बघत होती.

"पोचवते," मॅडम म्हणाल्या.

आईने मान डोलावली. स्वेटरची बाही तेवढी तिच्या मुठीत राहिली होती. ती तिने लगेच सोडली नाही, आणि मॅडमनीही ओढली नाही.