डार्वेनची बोली

थर्झा होल्डन कणीक मळत होती, तेवढ्यात विल्फ हार्गट दारातूनच ओरडला,

"होल्डनबाई, ती घरात पाऊल टाकायलाच तयार नाही! काल स्टेशनावरून आणली, तेव्हापासून ट्रंकेवर बसून आहे."

"कोण?" थर्झाच्या मुलीने, लेटीने विचारलं.

"बायको माझी! वर्षभर खपून घर बांधलं आणि ही म्हणते, परत सोड." त्याने हॅट काढली. "तुम्ही तिला तुमची हकिकत सांगा ना. ऐकून लाजेल तरी."

ती हकिकत खोऱ्यात सगळ्यांना पाठ होती. दर जुलैत वसाहतीच्या सणाला बिशप ती मंचावरून सांगत. इंग्लंडहून आलेल्या थर्झाने सामानाची हातगाडी ओढत अमेरिकेचं अख्खं माळरान पार केलं, प्लॅट नदीकाठी तान्ह्या मुलाला पुरलं, आणि डोळ्यांतून टिपूसही न काढता ती पुढे चालू लागली. थर्झा तेव्हा पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसलेली असे. आईच्या तोंडून लेटीने त्यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. आई बोलायचीच कमी, आणि बोलायची ते मोजूनमापून, बायबल वाचल्यासारखं.

थर्झाने हात धुतले. लेटीने घोडा जुंपला.

विल्फची बायको नेल मातीच्या छपराच्या घरासमोर अंगणात ट्रंकेवर बसली होती. डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती.

"ह्याला घर म्हनत्यात?" ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "वरनं माती गळतीया. म्या नाय ऱ्हायची."

आता आई हकिकत सांगणार, म्हणून लेटी थांबली. थर्झाने मात्र नेलला विचारलं,

"कुठली गं तू?"

"इंग्लंडातली, डार्वेनची."

थर्झाचे ओठ हलले. मग तिच्या तोंडून लेटीने कधीही न ऐकलेली बोली आली.

"डार्वेनात कुठं? टेकाडावर, का गिरणीखाली?"

नेलने झटक्यात मान वर केली. "गिरणीखाली. तुमी?"

"म्या बी."

थर्झा विल्फकडे वळली. "ट्रंक आमच्या गाडीत टाक. हिला स्टेशनावर सोडते."

"अहो, समजूत घालायला बोलावलं तुम्हाला!"

"तिला जायचंय, विल्फ."

त्याने ट्रंक उचलली, गाडीत ठेवली आणि तिच्यावर आपली घोंगडी घातली. "रात्री गारठा पडतो," तो नेलला म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

वाटेत लेटीने लगाम धरला होता. मागे दोघींच्या गप्पांची गिरणी सुरू झाली होती. आईने सांगितलं, की तिच्या आईने एकदा गिरणीतल्या मुकादमाला लाकडी बूट फेकून मारला होता आणि नेम चुकला म्हणून ती आठवडाभर हळहळत होती. नेल हसता हसता खोकू लागली. आई हसली. लेटीने मान वळवून खात्री करून घेतली.

मग नेल हळूच म्हणाली, "तुमी रडला बी नाय म्हनं. विल्फ सांगत व्हता."

"कोन म्हनतं? त्या नदीपाशी म्या आडवी पडले. उठंचना. नवऱ्यानं सामानावानी गाडीत टाकून आनली मला. हितं आल्यावर बी रोज म्हनायची, उद्या जाते. तवा रेल्वे नव्हती. असती तर गेले असते."

"बाळाचं नाव काय व्हतं?"

"जोसाया."

मंचावरच्या हकिकतीत बाळाला नाव नव्हतं. लेटीच्या हातातला लगाम सैल पडला, घोडा वाटेतच थांबला.

"लेटी," आई म्हणाली, "घोडा."

स्टेशनात आगगाडी आली. नेलने ट्रंकेची एक कडी धरली. थर्झाने दुसरी. दोघींनी ट्रंक डब्याच्या पायरीपर्यंत नेली. गार्डने हाक दिली.

नेल पायरीकडे बघत राहिली.

"ही रोज येती व्हय?"

"रोज."

"मंजी उद्या बी असंल."

"असंल की."

शिट्टी झाली. गाडी हलली. धूर डोंगराआड गेला, तरी नेल कडी धरून उभीच होती.

"छपराला आतनं जाडं कापड ठोकलं तर," ती म्हणाली, "माती थांबंल का?"

"बरीचशी," थर्झा म्हणाली. "हाय माझ्याकडं. दिती तुला."

परतताना नेल विल्फच्या घोंगडीत गुरफटून मागे झोपी गेली. थर्झा पुढे येऊन लेटीशेजारी बसली. लेटीने विचारलं,

"आई, आजीचं नाव काय होतं?"

"केझाया." थर्झा जराशी थांबली. "अन् ताठ बस की गं. अशी पोक काढून बसलीस, की अगदी तिच्यावानी दिसतीस."