नवव्या ओळीतली रिकामी जागा

इंग्रजी कविता आधी बोटांनी टेबलावर वाजवायची, अर्थबिर्थ नंतर, असा मास्तरांचा खाक्या. त्यांची मुलगी हा ठेका लहानपणापासून जेवताना ऐकत आली होती. आई वैतागायची, "अहो, ताटं तरी जागेवर राहू द्या!"

त्यातलं एक जुनं सुनीत बापलेकीचं लाडकं. मुलगी गमावलेल्या बापानं लिहिलेलं. चौदा ओळी, प्रत्येकीत दहा अक्षरं, एक हलकं एक जड. यमक एकाआड एक, शेवटच्या दोन ओळींचं तेवढं आपसांत जुळलेलं. सगळं कसं चोख. फक्त नवव्या ओळीत नऊच अक्षरं. तिथं मास्तर बोट अधांतरी ठेवून म्हणायचे, "इथं तिचं नाव यायचं होतं. बापाच्या तोंडून निघेना. म्हणून त्यानं जागा रिकामी ठेवली." सांगून झालं की ते ताट बाजूला सारायचे, आणि ते काही नाटक नव्हतं.

मुलीनं परीक्षेत नेमकं हेच लिहिलं आणि त्या प्रश्नाला भोपळा मिळाला. साहित्याच्या कॉलेजातली जागा एका गुणानं हुकली. पण ती मुकाट बसणाऱ्यातली नव्हती. तिनं परीक्षा मंडळाकडून आपला पेपर मागवला, सोबत नमुना उत्तरही. त्यात लिहिलं होतं: चौदाही ओळी नियमित, प्रत्येकी दहा अक्षरे, वेगळ्या उत्तरास गुण देऊ नयेत. खाली बाबांची सही होती.

सही आठ वर्षांपूर्वीची, मास्तर मंडळासाठी नमुना उत्तरं लिहायला लागले तेव्हाची. "मास्तर, हजारो पेपर तपासायचेत, तुमचा तो शोक घरी ठेवा," असं वरचे साहेब म्हणाले होते. मास्तरांनी एक शब्द ओढूनताणून नऊची दहा केली आणि चहा प्यायला गेले. पुढं प्रश्न आला की तेच उत्तर निघे. घरात खरं शिकवायचं आणि कचेरीत खोटं लिहायचं, यात काही वावगं आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. विद्वान माणूस!

मुलीनं त्यांच्यापुढं एक पत्र ठेवलं. नमुना उत्तर चुकलं आहे, एवढंच त्यात होतं. "सही करा, बाबा. आज पाचच्या आत मंडळात दिलं तर गुण मिळतात."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुढच्या आठवड्यात ते मुख्य परीक्षक होणार होते. सत्काराच्या निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. "अगं, आठ वर्षांचे पेपर उकरून काढतील. लोक तोंडात शेण घालतील माझ्या. पुढच्या वर्षी पुन्हा बस ना परीक्षेला."

"बरं. मग नववी ओळ वाजवून दाखवा."

मास्तरांनी ओळ म्हणत बोट टेकवायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ. बोट सवयीनं वर थांबलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"थांबलात का? तुमच्या उत्तरात दहा आहेत."

त्यांनी एकदा पत्राकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं. मग मान खाली घातली आणि दहावं अक्षर टेबलावर वाजवलं.

मुलीनं पत्र उचललं, चार घड्या घालून त्यांच्याच खिशात ठेवलं आणि आईला म्हणाली, "माझं ताट उद्यापासून आत वाढ."